खंडेनवमीला बंद केलेला कॉम्प्युटर

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत स्प्रिंगा बनवणारा एक लहानसा कारखाना आहे. त्याच्या मागच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता, तो कधीच बंद करत नसत. दिवाळीच्या सुट्टीत सगळं सामसूम झालं तरी तो आपला कोपऱ्यात घरघरत असे. लाइट गेली की खालची बॅटरी त्याला धरून ठेवी, आणि ती संपायच्या आत कुणीतरी धावत जाऊन जनरेटर लावी. मूळचा पांढरा असावा. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याचा रंग दुधाळ चहासारखा झाला होता.

बंद का करायचा नाही, तर बंद केला आणि परत उठलाच नाही तर काय, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. माझ्या चाचांकडेसुद्धा नव्हतं. चाचा म्हणजे माझे उस्ताद. जुन्या नाशकात त्यांचं दुरुस्तीचं दुकान. आधी रेडिओ, मग टीव्ही आणि मग कॉम्प्युटर असं करत करत ते जुन्या यंत्रांशी येऊन थांबले होते. बाकीचे पुढे गेले, चाचा तिथेच राहिले. "नव्याला बघणारे गल्लोगल्ली आहेत," ते म्हणत. "म्हाताऱ्याकडे बघायला कोणी तरी पाहिजे की नाही?"

कारखान्यातलं काम असं. स्प्रिंग तयार झाली की या मागच्या खोलीत यायची. एका लोखंडी चौकटीत उभी करून दाबायची, आणि अमुक इतकी दबल्यावर ती किती जोर परत देते ते कॉम्प्युटर मोजायचा. मग शेजारचा जुना प्रिंटर कर्रकर्र करत कागद काढायचा. तो कागद पेटीवर असेल तरच माल घेणारी कंपनी पेटी आत घेई. मोजणीचा प्रोग्राम मालकांनी, म्हणजे आताच्या मालकीणबाईंच्या यजमानांनी, कुणाकडून तरी खास लिहून घेतला होता. लिहिणारा गृहस्थ परदेशी निघून गेला, यजमान वारले, प्रोग्राम तेवढा राहिला. चौकटीची तार कॉम्प्युटरच्या आतल्या ज्या कार्डाला जोडली होती ते कार्ड नव्या कॉम्प्युटरात बसतच नाही. तसली खाच आता कुणी ठेवत नाही. म्हणून तोच कॉम्प्युटर, तोच प्रोग्राम, आणि बंद करायचा नाही.

त्याच्यासमोर ताई बसायच्या. दहावी पास, टायपिंगची परीक्षा दिलेल्या. वारलेल्या मालकांच्या काळापासून ती खुर्ची त्यांचीच.

मी किनवटच्या पुढचा. नववीत शाळा सोडली. आमच्याकडून एक गाडी रात्रभर चालून थेट नाशिकरोडला येते, मी नाशकात येण्याचं दुसरं काही मोठं कारण नाही. आधी द्राक्षं पॅक करायच्या कामावर होतो. हंगाम संपल्यावर काम संपलं. चाचांना जड मॉनिटर उचलायला माणूस हवा होता, तो मी झालो. आईला फोनवर सांगितलं की कॉम्प्युटरच्या दुकानात लागलो, तर ती म्हणाली, "तुला येते का ते?" मी म्हटलं, उचलता येतो. हळूहळू उघडायलाही यायला लागला. पण धास्ती कधी गेली नाही. आजही दुकानाचं कुलूप लावल्यावर मी चार पावलं जाऊन परत येतो आणि ओढून बघतो.

ताईंची ओळख अशीच एक मॉनिटर पोचवताना झाली. मी तो जोडला, बटण दाबलं, आणि स्क्रीनवर भराभर इंग्रजी अक्षरं आली. मी हात मागे घेतला.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

"ताई, ते रागावलंय."

त्या पुढे झुकल्या, वाचलं. "कीबोर्ड नीट लागला नाही म्हणतंय. एवढंच. रागावलं तर मी सांगेन तुला."

त्यानंतर मी तिथे गेलो की त्या स्क्रीनवरचं मोठ्याने वाचत आणि मी लक्षात ठेवी. माझं इंग्रजी असं कानाने शिकलेलं आहे. जेवायच्या सुट्टीत 'जेवलास का' हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. डब्याच्या झाकणावर भाकरी आणि ठेचा काढून झाकण माझ्याकडे सरकवायच्या. मला राहायला खोली मिळत नव्हती तेव्हा त्यांच्याच वसाहतीत, विहाराच्या मागच्या गल्लीत, त्यांनी घरमालकाला सांगितलं, "माझा भाऊ समजा." घरमालकाने समजलं. त्या खोलीत मी अजून राहतो.

दरवर्षी दसऱ्याच्या आधी ताई नागपूरला जात, दीक्षाभूमीवर. अष्टमीला संध्याकाळी निघायच्या, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परत. त्या नसताना कारखान्यात खंडेनवमी होई. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. सगळ्या मशिनी बंद करून, पुसून, हळदकुंकू वाहून, झेंडूची माळ घालून, समोर लिंबू कापून ठेवायचं. फक्त मागच्या खोलीतला हा एकटा चालू. म्हणून चाचा त्या दिवशी आठवणीने तिथे जात, खुर्ची टाकून बसत, खोबऱ्याचा प्रसाद खात, आणि कुणी ओलं फडकं घेऊन आलं की म्हणत, "दुरून, भाऊ, दुरून. ह्याला लांबूनच पोचतं."

त्या वर्षी चाचांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. डोळ्याला पट्टी, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. खंडेनवमीला मी पंचवटीत एका गोदामातला बिलांचा कॉम्प्युटर उघडून बसलो होतो. आणि ताई नागपूरला.

दसऱ्याच्या सकाळी दुकानात फोन आला. कारखान्याच्या मालकीणबाई बोलत होत्या. सगळे त्यांना वहिनी म्हणत, मीही म्हणे.

"चाचा कुठायत?"

"डोळ्याचं झालंय ना त्यांचं, वहिनी. घरी आहेत."

"मग तू ये. लगेच ये. मागचा उठत नाहीये."

"उठत नाही म्हणजे? बंद झाला?"

"झाला नाही. केला."

मी पोचलो तर कारखान्यात सगळीकडे झेंडू. दसऱ्याला मुहूर्ताचा एक तरी नग काढायचा असतो, म्हणून सकाळी सगळ्या मशिनी चालू करायला घेतल्या होत्या. बाकीच्या उठल्या होत्या. मागच्या खोलीच्या दारात मामा उभे होते, हातात अजून हळदीची वाटी. मामा चांदवडकडचे, स्प्रिंगा वळायचं जुनं मशीन त्यांच्याकडे. भाविक माणूस. कारखान्यातल्या प्रत्येक मशिनीला ते सकाळी नमस्कार करून हात लावत.

"मामा, काहून बंद केला?" मी विचारलं. माझ्या 'काहून'ला एरवी मामा हमखास हसत. त्या दिवशी हसले नाहीत.

"अरं, समद्या मशिनी निजल्या व्हत्या. ह्यानंच काय पाप केलं? वर्सानुवर्सं जागा हाय बिचारा. म्हनलं, आज ताई नाय, काम नाय, एक दिस तरी पडू दे ह्याला."

"आणि पुसला?"

"पुसला. आतून बी थोडा. फडकं लय ओलं नव्हतं."

त्यांनी त्याला मारलं नव्हतं, झोपवलं होतं.

वहिनी खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि जे सांगितलं ते हळू आवाजात सांगितलं. उद्या सकाळी कंपनीची गाडी माल न्यायला येणार. पेट्या तयार, कागद एकाही पेटीचा नाही, कारण ताई आल्यावर करू असं ठरलेलं. नवीन तपासणी मशीन विकणारा माणूस महिनाभर मागे लागला होता. त्याच्या मशिनीबरोबर त्याच्याकडचाच शिकवलेला मुलगा येणार होता, वर्षभराच्या करारावर. किंवा दुसरा मार्ग म्हणजे तपासणी सातपूरला बाहेर करून घ्यायची.

"मग ताई?" मी विचारलं.

"मला तिला काढायचं नाहीये रे. पण हा उठलाच नाही, तर तिला बसवू कुठं? मशिनीवर तिचे हात चालत नाहीत, पॅकिंगला माणसं जास्तच आहेत. उद्या ती येईल तेव्हा मला तिला काहीतरी सांगावं लागेल."

त्यांचा आवाज रागाचा नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. ताईंच्या नवऱ्याचं काम तेव्हा सुटलेलं होतं, घर त्यांच्या एकटीवर होतं. मला ते ठाऊक होतं, कारण आमच्या भिंती जवळजवळ एकच. मी मनात एवढंच ठरवलं, की ताई गाडीतून उतरतील तेव्हा हा घरघरत असला पाहिजे. कसा, ते ठाऊक नव्हतं.

झाकण उघडलं. पंख्याच्या पात्यांत झेंडूच्या पाकळ्या अडकल्या होत्या. हळदीची पूड तळाशी बारीक बसलेली. ब्रशने सगळं काढलं, कोरड्या फडक्याने टिपलं, आतल्या तारांच्या पट्ट्या काढून परत बसवल्या. बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीनवर अक्षरं आली. मामांनी हात जोडले. पण मला एक आवाज ऐकू येत नव्हता. हार्ड डिस्क सुरू होताना आधी बारीक शीळ घालते, मग ती शीळ चढत जाते. ती नव्हती. स्क्रीनवर जे इंग्रजी आलं ते मला आता वाचता येत होतं. डिस्क सापडत नाही.

मी चाचांना फोन लावला. त्यांच्या सुनेने तो त्यांच्या कानाशी धरला.

"बोल बेटा. डॉक्टरने डोळा बांधलाय, कान नाही बांधले."

मी सगळं सांगितलं. "फोन त्याच्याजवळ धर," ते म्हणाले. "आणि बटण दाब." मी धरला, दाबलं. ते ऐकत राहिले.

"चिकटली," ते म्हणाले. "इतकी वर्षं फिरत होती ना, गरम होती. थंड पडली आणि आतली सुई तबकडीला चिकटली. आता मोटर ओढतेय, पण सुटत नाही. हातोडी नको मारू, समजलं? टकटक पण नको."

"मग?"

"फडक्यात गुंडाळ आणि पोटाशी धर. अंगाच्या गरमीने गरम होऊ दे, दुसरी कोणती गरमी नको. मग हातात आडवी धर आणि मनगटाला झटका दे, गोल. बाटलीचं झाकण उघडतो तसा. आणि झटका देताना तार लावलेली पाहिजे, मोटर ओढत असताना."

"तुटली तर, चाचा?"

"आता काय ती धड आहे?"

मी हार्ड डिस्क काढली, मामांच्या उपरण्यात गुंडाळली, शर्टाच्या आत पोटाशी धरली आणि ताईंच्या खुर्चीत बसलो. गार लोखंड पोटाला लागलं. मामा समोर स्टुलावर. बाहेर पोरं एकमेकांना आपट्याची पानं वाटत होती, त्यांचा हसण्याचा आवाज येत होता.

"किती वेळ बसायचं?" मामांनी विचारलं.

"गरम होईस्तोवर."

"अंडं उबवल्यावानी."

"तसंच."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "ताईला म्या सांगतो. म्या बंद केला, म्याच सांगतो. तू नको सांगू."

"सांगायची वेळच यायची नाही, मामा," मी म्हटलं. असं मी बोललो खरं. आणि उपरणं आणखी आवळून घेतलं.

पहिला झटका वाया गेला. मनगट घाबरलेलं असलं की झटका अर्धाच बसतो. परत गुंडाळली, परत बसलो. दुसऱ्यांदाही काही नाही. वहिनी दारात आल्या, बघून गेल्या. तिसऱ्या वेळी मी चाचांचा चेहरा आठवला, ते ब्लेडने तार सोलतात तेव्हाचा. दात नाही, ओठ नाही, काही आवळत नाहीत. बटण दाबून, डिस्क तळहातावर आडवी धरून मनगट फिरवलं, आणि तळहातालाच आधी कळलं. आत काहीतरी सुटलं आणि फिरायला लागलं. मग शीळ आली. बारीक, खरखरीत, पण चढत गेली.

मामा उठून उभे राहिले. "आला?"

"डिस्क आली. हा अजून नाही आला."

कारण बंद पडल्यावर त्याची आठवणही गेली होती. आतला छोटा सेल कधीचा मेलेला; वीज चालू होती तोवर त्याची गरज पडली नव्हती. त्याला कोणती डिस्क लावलीय ते माहीत नव्हतं, तारीख माहीत नव्हती. स्क्रीनवर माझ्या जन्माच्याही आधीचं साल होतं. मी नवा सेल घातला, तारीख घातली, डिस्कची माहिती त्याला शोधायला लावली. मग पुन्हा सुरू केला. आणि प्रोग्रामची ती निळी स्क्रीन आली, वर कारखान्याचं नाव, खाली स्प्रिंगचा नंबर विचारणारी रिकामी जागा.

वहिनी धावतच आल्या. "झालं? मग कागद काढायला घे. मामा, पहिली पेटी आणा."

शीळ आली तेव्हाच मी चाचांना परत फोन लावला होता. ते म्हणाले, "बेटा, ऐक. एकदा उठली, दुसऱ्यांदा उठेल याचा भरवसा नाही. आता तिच्याकडून काम नको घेऊ. आधी नक्कल काढ."

मी वहिनींना सांगितलं.

"नक्कल काढायला किती वेळ लागेल?"

"दुपार जाईल. जास्तही लागेल."

"गाडी सकाळी येणार आहे. आता चालतोय ना? मग आता कागद काढून घे, नक्कल मग काढ."

नाशकात आल्यापासून मी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. घरमालकाला नाही, गोदामवाल्यांना नाही, चाचांना तर प्रश्नच नाही. लांबून आलेल्या माणसाला वाटतं, एक नाही म्हटलं की परतीची गाडी. वहिनी दारात उभ्या, मामा पेटी उचलायला वाकलेले, आणि मला माझाच आवाज ऐकू आला, "नाही, वहिनी. आधी नक्कल."

"मी सांगतेय तरी?"

"तुम्ही सांगताय तरी. आज कागद निघतील, पण मधेच ही थांबली तर कायमची थांबेल. मग ताईंना उद्याच नाही, कधीच बसवता येणार नाही."

वहिनींनी पेट्यांकडे एकदा बघितलं. मग मामांना म्हणाल्या, "ठेवा ती पेटी." आणि गेल्या. मला वाटलं, आता माझं या कारखान्यात येणं संपलं. तरी मी बॅग उघडली.

चाचांच्या दुकानातून मी बॅगेत एक छोटं मेमरी कार्ड आणलं होतं, जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत असायचं तसलं. ते एका बोटभर पट्टीवर बसवलं की जुना कॉम्प्युटर त्याला हार्ड डिस्क समजतो. त्याच्यात फिरणारं काही नाही, म्हणजे चिकटणारंही काही नाही. चाचांनी ते ताईंच्या कॉम्प्युटरसाठी मागेच आणून ठेवलं होतं. पण नक्कल काढायला तो बंद करावा लागला असता, आणि त्याला बंद करायचा धीर त्यांनाही नव्हता. मामांनी तो धीर केला होता, न विचारता.

जुनी डिस्क आणि नवं कार्ड एकाच तारेला लावलं, फ्लॉपीवरून नक्कल काढायचा प्रोग्राम चालू केला. स्क्रीनवर एक आकडा हळूहळू वाढायला लागला. मी आणि मामा बघत बसलो. मधे एका जागी डिस्क अडली. कुर्र, थांब, कुर्र, थांब. मामांनी माझा खांदा धरला. मी फोन उचलला आणि परत ठेवला; चाचा तरी काय करणार होते. ती त्याच जागेवरून परत परत गेली, आणि मग आकडा पुढे सरकला.

उन्हं उतरता उतरता नक्कल पुरी झाली. मी दोन्ही काढलं, फक्त कार्ड लावलं, बटण दाबलं. निळी स्क्रीन आली, पहिल्यापेक्षा लवकर आली आणि आवाज न करता आली. मग गंमत म्हणून नाही, खात्री करायला म्हणून, जुनी डिस्क परत लावून बघितली. ती फिरली नाही. पोटाशी धरली, झटका दिला, तरी नाही. मी ती वहिनींना जाऊन दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, फिरवून बघितली.

"मघाशी कागद काढायला घेतले असते तर?"

त्या म्हणाल्या, "चहा घे," आणि स्वतः ओतला.

मग पेटी आणली. मामांनी पहिली स्प्रिंग चौकटीत उभी केली, मी दाबली, आणि कॉम्प्युटरने आकडा दिला तो नापास. दुसरी, नापास. नक्कल काढताना त्या अडलेल्या जागी काही हरवलं की काय? तिसरी पास, चौथी नापास. वहिनींनी डोक्याला हात लावला. मामाच म्हणाले, "माल चांगला हाय. म्या वळलाय. ताई अशी नाय दाबत. ताई आधी दोन-चार येळा दाबून सोडती, मग मोजती. आन कोनतं टोक खाली ते बी बघती."

कुठलं टोक खाली ते मात्र मामांना ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं शेजारी राहून कुणी बघितलंच नव्हतं. मी दाबून सोडून बघितली तर काही जमल्या, काही नाहीत. नागपूरला फोन लावला, तिथल्या गर्दीत तो लागेना. वहिनी म्हणाल्या, "राहू दे. ती येऊ दे."

सकाळी मामा स्कूटर घेऊन नाशिकरोडला गेले आणि ताईंना स्टेशनवरून थेट कारखान्यात घेऊन आले. वाटेत मामांनी सगळं सांगितलं असणार, कारण ताई आत आल्या त्या कुणाशी न बोलता सरळ मागच्या खोलीत. पांढरी साडी प्रवासाने चुरगळलेली, खांद्याला पिशवी. दारात थांबल्या.

"आवाज कुठाय?" त्या म्हणाल्या.

"चालू आहे, ताई. आता नुसता पंखा वाजतो, घरघर नाही."

त्यांनी पुढे येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला, ताप बघतात तसा. मग खुर्चीत बसल्या. गाडी फाटकात येऊन उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ताईंनी पिशवी खाली ठेवली, पहिली स्प्रिंग उचलली, टोकावरून अंगठा फिरवला, उलटी केली, चौकटीत उभी केली, दाबून सोडली, दाबून सोडली, मग मोजली. पास. प्रिंटर कर्रकर्र करायला लागला.

"हे कसं कळतं, ताई? टोक?" मी विचारलं.

"घासलेलं टोक खाली. मला मालकांनी दाखवलं होतं." मान वर न करता त्या म्हणाल्या. "तुम्ही कुणी विचारलंच नाही कधी."

वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनी हे ऐकलं. पेट्या एकेक करून बाहेर गेल्या, गाडी गेली. त्या आठवड्यात नवीन मशीनवाल्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच प्रिंटरची फीत बदलत होतो. वहिनी त्याला म्हणाल्या, "सध्या नको." सध्या म्हणजे कुठवर, ते मी विचारलं नाही. ताईंनीही विचारलं नाही. पण तेव्हापासून मला एक काम लागलं. भंगारवाल्यांकडे जुने कॉम्प्युटर आले की मी जाऊन झाकणं उघडून बघतो, ती खाच आहे का. असले दोन मिळाले. एक जुळवून त्यात मेमरी कार्डाची आणखी एक नक्कल घालून ताईंच्या टेबलाखाली ठेवला आहे. दुसरा दुकानात आहे, त्याचं काम चाललंय. चाचांची पट्टी निघाल्यावर त्यांनी येऊन सगळं तपासलं, एक स्क्रू सैल होता तो आवळला, आणि म्हणाले, "ठीक आहे." चाचांच्या तोंडून 'ठीक आहे' येणं सोपं नाही.

राहिलं ते बटण. मी ताईंना सांगितलं, आता हा बंद करता येतो. रोज संध्याकाळी करा, उलट बरंच आहे त्याला.

"नको बाबा," त्या म्हणाल्या. "चालतोय तसा चालू दे."

मी ऐकलं नाही. मी रोज इथे नसतो, चाचा रोज नसतात. हा बंद पडल्यावर ज्याला उठवता येतं त्याचाच तो असतो. ही खुर्ची ताईंची राहायची असेल, तर त्याला निजवता आणि उठवता ताईंनाच आलं पाहिजे, एवढं मला त्या दिवशी पोटाशी लोखंड धरून बसल्यावर कळलं होतं. शनिवारी कारखाना सुटताना मी तिथे गेलो. मामा, वहिनी, दोघंही आले.

"तूच कर," ताई म्हणाल्या.

"नाही ताई. तुम्ही."

त्यांनी बटणावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून उभ्या राहिल्या. "आणि नाही उठला तर?"

"तर टेबलाखालचा लावायचा. तो कसा लावायचा, तेही तुम्हीच करायचं, मी नुसता बघणार."

"रागावला तर?"

"तर तुम्ही वाचून सांगा मला."

ताई हसल्या आणि बटण दाबलं. पंखा थांबला. खोली एवढी शांत मी कधी ऐकली नव्हती. बाहेर कुठेतरी रिक्षा गेली, ती ऐकू आली. मामांनी सवयीने हात जोडले, मग वहिनींकडे बघून परत खाली केले.

सोमवारी मी अंबडला पोचलो तेव्हा कारखान्याचं शटर अर्धंच उघडलं होतं. मी ताईंच्या आधी यायचं ठरवून निघालो होतो, पण खोलीतून प्रिंटरचा कर्रकर्र आवाज येत होता. दारात गेलो. ताई खुर्चीत बसल्या होत्या, समोर निळी स्क्रीन, हातात स्प्रिंग.

"उशीर झाला तुला," त्या म्हणाल्या, आणि डब्याच्या झाकणावर भाकरी काढून झाकण माझ्याकडे सरकवलं.